कोर्ट उठेपर्यंत

माझ्या नातीचं लग्न होऊन आता वर्ष होत आलं. त्या लग्नाआधी मी शिवाजीनगरच्या कोर्टात जाऊन आले होते, हे आमच्या पाहुण्यांत कुणाला माहीत नाही. आता सांगायला हरकत नाही.

स्थळ वारज्याचं होतं. मुलगा कंपनीची बस चालवतो, आयटीतल्या पोरांना नेतो-आणतो. आईबाप साधी माणसं, आपल्यातलीच, विहारात येणारी-जाणारी. आमच्या बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत पोह्यांचा कार्यक्रम झाला. माझ्या मुलाला, म्हणजे नातीच्या वडिलांना, स्थळ पसंत पडलं. नातीलाही पडलं. ती तोंडानं काही बोलली नाही, पण दुसऱ्यांदा चहा तिनंच आणून दिला, कुणी सांगितलेलं नसताना.

मी त्या वारज्याच्या मुलाला विचारलं, गाडीवर किती वर्षं झाली. तो म्हणाला, बरीच झाली, मधे तीन वर्षांपूर्वी फक्त अर्धं वर्ष सोडलं होतं, मामाच्या फरशीच्या गोडाऊनला होतो. एवढं बोलला आणि खाली बघून पोह्यातला शेंगदाणा चमच्यानं बाजूला करत बसला.

माझं मन तिथं अडकलं. मी ड्रायव्हरची बायको. आमचे मालक मार्केटयार्डातल्या टेम्पोवर होते. ड्रायव्हर माणूस अंगात ताप असला तरी गाडीवर बसतो. चांगली लागलेली बस सोडून फरश्या उचलायला तो आपण होऊन जात नाही. लायसन गेलं तरच जातो. आणि लायसन कशानं जातं, ते मला कुणी शिकवायला नको होतं.

मालक प्यायचे. जिन्यात पाऊल वाजलं की आज किती घेतली ते मला कळायचं, दार उघडायच्या आधी. आपल्याकडं लग्नात त्रिशरण-पंचशील म्हणतात. त्यातलं पाचवं शील दारूचं, नशा करणार नाही म्हणून. मालक प्रत्येक लग्नात हात जोडून पाचवं शील सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे आणि जेवणं सुरू झाली की मांडवाच्या मागं जायचे. त्यामुळं तोंडानं म्हटलेल्यावर माझा विश्वास राहिला नाही.

एकदा त्यांनी टेम्पो एका हातगाडीवर घातला. हातगाडीवाल्याचा पाय मोडला. केस झाली. मी मुलाला कडेवर घेऊन याच शिवाजीनगरच्या कोर्टात गेले. दिवसभर आवारात झाडाखाली उभी होते. काळ्या कोटातल्या दोघातिघांना विचारलं, माझ्या नवऱ्याला आता काय होणार, जेल होणार का. कुणी म्हणालं वकील करा, कुणी म्हणालं घरी जा बाई. संध्याकाळी मालक एकटेच बाहेर आले, सुटलो म्हणाले आणि पुढं चालायला लागले. कशानं सुटले, काय लिहून दिलं, मला कधीच कळलं नाही. पुढं लिव्हर गेलं आणि मालकही गेले. मी चार घरची धुणीभांडी करून पोरं वाढवली. त्याचं रडगाणं मी गात नाही. कामं मिळत गेली, हातपाय चालत होते.

पण नातीला जिन्यातल्या पावलाकडं कान लावून बसायला लावायचं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी शंका माझ्या मुलाला सांगितली. तो म्हणाला, "आई, तुला प्रत्येक ड्रायव्हरमध्ये बाबाच दिसतात." वर म्हणाला की असं खोदत बसलो तर पोरीला स्थळ येणार नाही. नात मात्र मोबाईल घेऊन माझ्याजवळ बसली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती कामाला आहे, तिला यातलं समजतं. म्हणाली, कोर्टाच्या केसेस आता मोबाईलवर दिसतात, नाव आणि साल घातलं की झालं. वाकडीतिकडी अक्षरं पुढं आली, ती ओळखून तशीच टाकायची होती, दोनदा तिची चुकली, मग जमलं. त्या मुलाचं नाव निघालं नाही. ती मोकळं हसली. ती म्हणाली, "बघ आजी, काही नाही त्याच्यावर."

मला बरं वाटायला हवं होतं. पण मला तो शेंगदाणाच दिसत होता. दोन दिवसांनी मी तिला म्हटलं, मला कोर्टात घेऊन चल, मोबाईलवर माझा भरवसा नाही. ती चिडली. लॅबमधून सुट्टी काढली ती चिडूनच, आणि बसमध्ये माझ्याशी बोललीही नाही.

कोर्टाचं आवार तेच. झाड होतं का नव्हतं ते मी बघितलं नाही. आता तिथं लोकांना माहिती द्यायला एक खिडकी आहे. खिडकीत एक बाई होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. मी आधीच सांगून टाकलं की आम्ही त्या मुलाचे कुणी नाही, नात द्यायची आहे म्हणून चौकशी करतोय, चालत नसेल तर तसं सांगा. त्या म्हणाल्या, "आजी, हे सगळ्यांना बघता येतं. बसा तुम्ही." आणि त्यांनी मला आतून स्टूल दिलं. त्या कोर्टात मला कुणीतरी बस म्हटलं, एवढ्यानंच माझे डोळे भरून आले. मी पदर तोंडाला लावला, घाम पुसल्यासारखा.

नातीनं मोबाईल दाखवून सांगितलं की आम्ही बघितलंय, केस नाही. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, तुम्ही फक्त चालू केसेस शोधल्यात. संपलेल्या वेगळ्या असतात, त्यांना निकाली म्हणतात. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस बहुतेक लवकर संपते. माणूस गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, केस निकाली. ती चालूमध्ये कशी दिसेल?

मग त्यांनी निकालीमध्ये शोधलं. साल मी सांगितलं, गोडाऊनच्या अर्ध्या वर्षावरून. त्या नावाचे तिघं निघाले. वडिलांच्या नावावरून आणि पत्त्यावरून त्यातला आपला कोणता ते कळलं.

होती केस. दारू पिऊन दुचाकी चालवली. गुन्हा कबूल. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड.

नातीनं मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावत राहिली, लागलेलीच होती ती.

मी बाईंना विचारलं, कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे काय. त्यांनी सगळं नीट सांगितलं, घाई न करता. म्हणाल्या, मी वकील नाही, पण कायदा असा आहे: पहिल्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत जेल, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. किती द्यायचं ते मॅजिस्ट्रेट ठरवतात. याला छोटी कैद दिली, म्हणजे त्या दिवशी कोर्टाचं काम संपेपर्यंत तिथंच बसून राहायचं. परत सापडला तर मग दोन वर्षांपर्यंत जेल, नाहीतर पंधरा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. लायसन काही काळ बंद होतं ते वेगळंच, त्याचं आरटीओत बघायचं.

"परत सापडलाय का हा?" मी विचारलं.

त्यांनी पुढची सालं काढून बघितली. पुण्याच्या कोर्टात तरी दुसरी केस नाही म्हणाल्या.

"आणि त्यानं दारू सोडली का, हे कुठं लिहिलेलं असतं?"

त्या हसल्या, पण मला हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते इथं नसतं, आजी. ते त्यालाच विचारावं लागतं."

निघताना मी सहज म्हटलं, आमच्या मालकांचीही एक केस होती, फार जुनी. त्या म्हणाल्या, तेवढी जुनी इथं दिसायची नाही, अर्ज करावा लागेल, फाईल शोधून देतील, करायचा का? मी म्हटलं राहू द्या. तो निकाल मी घरी भोगलाय. पण त्यांनी विचारलं, हे मी विसरले नाही.

घरी आल्यावर माझा मुलगा आधी म्हणाला, एवढं तेवढं कोण पीत नाही. मग म्हणाला मोडून टाकू. नात म्हणाली, आधी आजी त्याला विचारेल, मग मी ठरवीन.

रविवारी दुपारी त्या मुलाला एकट्याला बोलावलं. तो आला, बूट बाहेर नीट लावून ठेवले. नात स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी होती. मी चहा दिला आणि विचारलं, "फरशीच्या गोडाऊनला कशानं गेला होतास?"

त्यानं कप खाली ठेवला. मला वाटलं, आता मामाला मदत हवी होती म्हणेल. तसं म्हणाला असता तर मी चहा पाजून वाटेला लावला असता.

तो म्हणाला, "लायसन बंद होतं, आजी. मित्राच्या हळदीला प्यायलो होतो. वारज्याच्या पुलाखाली नाकाबंदीत सापडलो. कंपनीनंही काढलं." मग त्यानं कोर्टाचं सांगितलं. साहेबांनी विचारलं गुन्हा कबूल आहे का, हा हो म्हणाला. दिवसभर मागच्या बाकावर बसवलं. "माझी आई आली होती दंडाचे पैसे घेऊन. तिला मी म्हटलं बस. ती नाही बसली. कोर्ट उठेपर्यंत भिंतीला धरून उभी होती. त्यानंतर घेतली नाही मी."

ते उभं राहणं मला माहीत होतं.

नातीनं विचारलं, "मग पोह्यांच्या दिवशी का नाही सांगितलं?"

"पप्पा म्हणाले नको सांगू. मलाही वाटलं, तू नाही म्हणशील."

"अजूनही म्हणू शकते," ती म्हणाली.

मग मी त्याला सांगितलं की आम्ही कोर्टात जाऊन सगळं बघून आलोय. न सांगता दुसऱ्याची पेटी उघडल्यासारखं वाटत होतं मला, ते मनात ठेवायचं नव्हतं. त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "बघितलं होतं तर विचारलंत कशाला?"

"तिथं तू काय केलंस ते लिहिलंय. तू सांगतोस का, ते लिहिलेलं नव्हतं."

नातीनं हो म्हणायला दिवाळी जाऊ दिली. मधे ती त्याच्या आईला एकटी जाऊन भेटली. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आल्यावर म्हणाली, "आजी, ठरव."

लग्न विहारातच झालं, पांढऱ्या कपड्यांत. पाचव्या शीलाला मी माझं म्हणायचं थांबवलं आणि फक्त त्याचं ऐकलं. मोठ्यानं नाही म्हटलं त्यानं. हळूच म्हटलं. त्याची आई पुढच्या रांगेत होती, खुर्चीवर बसलेली.

मी कुणाकुणाचे उपकार मानू. त्या खिडकीतल्या बाईंचं नावही मला माहीत नाही. लग्नानंतर लाडवांचा डबा घेऊन गेले होते, तर तिथं दुसऱ्याच बाई होत्या. डबा त्यांनाच देऊन आले. त्या मुलाचेही उपकार आहेत. खोटं बोलायला पूर्ण दुपार मोकळी होती त्याला. आणि कोर्टातल्या त्या अनोळखी साहेबांचे, ज्यांनी त्याला नुसता दंड घेऊन सोडला नाही, बसवून ठेवला.

लायसन चालू झाल्यावर कंपनीनं त्याला परत बसवर घेतलं होतं, तीच नोकरी अजून आहे. कंपनीच्या गेटवर रोज सकाळी मशीनमध्ये फुंकून मगच चावी मिळते. मी वारज्याला राहायला गेले की संध्याकाळी जिन्यात त्याचं पाऊल वाजतं आणि माझे कान अजूनही टवकारतात. ती सवय काही जायची नाही. नातीला ते कळतं. ती मुद्दाम दारात आडवी उभी राहते आणि माझ्याकडं बघत म्हणते, "अहो, फुंका. आजी आलीये."

तो फुंकतो. परवा ती नाक मुरडून म्हणाली, "कांदाभजी. आणि आम्हाला आणली नाहीत."