काजूला जामीन

"ऱ्हाऊ द्या की वो! फुडल्या साली देतंय. मी जामीन हाय."

शेजारच्या काकींची आठवण निघाली, की मला आधी हे ऐकू येतं. मग त्या दिसतात, परसातल्या काजूच्या बुंध्याला पाठ लावून, दोन्ही हात मागं पसरून उभ्या. समोर त्यांचे यजमान आप्पा, कुऱ्हाड उगारून.

घाबरू नका, भांडण नव्हतं. गारगोटीच्या आमच्या आळीत न फळणाऱ्या झाडाला धुळवडीच्या सकाळी कुऱ्हाड दाखवायची रीत. घरधन्यानं "तोडतो तुला" म्हणायचं, घरधनिणीनं जामीन राहायचं. झाड भितं आणि पुढच्या साली फळतं म्हणे. पोरं फिदीफिदी हसायची, आप्पाही मिशीत हसायचे. काकी मात्र खरोखर थरथरायच्या.

कारण त्याच परसात फणसाचा तोडलेला बुंधा होता. त्यालाही काकी अशाच जामीन राहिल्या होत्या आणि फणसानं दुसऱ्या वर्षीही दगा दिला. आप्पा शब्दाचा पक्का गडी. संध्याकाळच्या आत झाड आडवं! त्या बुंध्यावर काकी धुण्याची बादली ठेवायच्या, आणि ठेवताना काजूकडं बघायच्या.

कुंपणापलीकडं माझी रोपवाटिका. एकदा त्यांनी विचारलं, "आरं, एका साली वाकूस्तोवर लागतंय, आन् दुसऱ्या साली मोकळं. कळ्या बी गाळतंय. माझं काय चुकतंय का?"

"तुमचं कशाला चुकेल? भरल्या साली सगळी ताकद बिया पोसण्यात जाते. नवी फूट धरायला अंगात काही उरत नाही. धरलीच कळी, तर पोसवत नाही, गळते. वर्षभर दम खाल्ला, की परत बहर."

"म्हंजी बाळंतीण हाय ती," काकी म्हणाल्या. "आन् हे बाबा बाळंतिणीला कुऱ्हाड दावत्यात."

आप्पांनाही सांगून बघितलं. "गप रं! माझी कुऱ्हाड बघूनच फळतंय ते." कुऱ्हाडीनंतरच्या साली झाड फळत होतंच की.

तेव्हापासून काकींना भरल्या सालाचीच जास्त धास्ती. आळी मोहर बघून खूश, आणि ह्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. आप्पा दूध घेऊन डेअरीवर गेले, की काकी आकडी लावलेल्या काठीनं बराचसा मोहर उतरवायच्या आणि पदरात लपवून उकिरड्यात पुरायच्या. "थोडं कमी दे बाबा, पर दर साली दे," असं झाडाला समजावायच्या. एकदा आप्पा मध्येच परतले. पदरातला मोहर सगळा अंगणात सांडला.

"आगं, येड लागलंय का तुला? हातातोंडाशी आल्यालं खुडतीस?"

काकींनी खाली बसून मोहर गोळा केला. पुढं मोकळ्या सालीही चार-दोन घमेली निघायला लागली. मान अर्थात कुऱ्हाडीला.

गेल्या साली पौषात काकी कोल्हापुरात दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेलो, तर स्वतःच्या दुखण्याचं एक अक्षर नाही. "मोहर किती हाय?"

खोटं बोलवेना. "पान दिसत नाही, काकी."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. बोटं गार पडली होती. "फुडल्या साली मोकळं जाणार. माझ्या माघारी त्याला जामीन कोण?"

"माघारी कशाला? तुम्हीच की," मी म्हणालो. पण मलाही आतून भीती वाटत होती.

त्या परत आल्या नाहीत. मोहर कुणी उतरवला नाही. काजू असा लागला, की फांद्या जमिनीला टेकल्या. आणि यंदा झाडावर एक कळी टिकली नाही.

धुळवडीच्या सकाळी आप्पा कुऱ्हाड घेऊन परसात आले. मी कुंपणाकडं धावलो.

"तोडतो तुला," आप्पा म्हणाले. कुऱ्हाड उगारली आणि तसेच थांबले. मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिले.

मग आप्पांनी कुऱ्हाड फणसाच्या बुंध्यावर ठेवली. काजूला पाठ लावली, दोन्ही हात मागं पसरले आणि समोर कुणी नसताना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की वो. फुडल्या साली देतंय. मी जामीन हाय."