चिमूटभर भुसा

“भुसा आनला काय?”

लाकूड कापायच्या कटरची चैन धार लावायला हातात घेण्याआधी मिस्त्री प्रत्येकाला हेच विचारायचा. माणूस त्या चैनने पडलेल्या लाकडाच्या भुशाची पुडी पुढे करायचा. मिस्त्री त्यातली चिमूट जिभेवर टाकायचा, पुढच्या उरलेल्या दोन दातांनी चावायचा आणि पायाशी ठेवलेल्या ऑइलच्या कापलेल्या डब्यात थुंकायचा. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही तोंड फिरवलं असतं.

आमचे हे पेट्रोलच्या कटरने संत्र्याची जुनी, वाळलेली झाडं कापतात. ते पहाटेच बगीच्यात जात, म्हणून बोथट झालेली चैन परतवाड्याच्या स्टँडमागे मिस्त्रीच्या टपरीवर नेणं माझ्याकडे होतं. तिथे सगळे पुरुष. मी पदर नाकाला लावून सर्वांत मागे उभी राहायची. तेलाचा उग्र वास, मिस्त्रीची काळी नखं, दाढीत अडकलेला कोणाकोणाचा भुसा. त्याच ओठांनी तो चहा प्यायचा. रिकाम्या कपाच्या काठावर भुसा चिकटलेला दिसायचा. मी घरी येऊन हातपाय धुवायची, आणि मग जेवण जायचं नाही.

पण थुंकून झाल्यावर तो जे सांगायचा, ते खरं निघायचं.

“कडू हाय. निंब कापला.”

“हे तं पीठ हाय. दळन आनलं काय माह्याकडे? चैनचा दाता बसला तुया. धारेच्या चैननं असे छिलके पडले पाह्यजे.”

दाताखाली कचकच लागली की मात्र तो भडकायचा. “माती! जमिनीत घातली चैन. आंधळा हायेस काय बे?”

एकदा एक जवान माणूस नवी चैन मागायला आला. त्याला टोकदार कोपऱ्याच्या दात्याची हवी होती, सरसर कापते म्हणून.

“काय कापतं?”

“संत्र्याचे बुंधे.”

“मंग गोल खांद्याची घे. बुंध्याले माती रायते. टोकाचा दाता दोन बुंध्यांत मरते.”

“पन ते हळू कापते ना, मिस्त्री.”

“तुले काय लग्नाले जाचं हाय?”

नवी चैन देताना तो ती उलटी धरून खालच्या कड्या मोजायचा, कटरच्या ज्या पट्टीवर ती फिरते तिच्या खाचेत बसवून पाहायचा. धार लावताना कानस आतून बाहेर, प्रत्येक दात्याला तीनच वेळा. एका बाजूचे दाते लांब राहिले तर काप वाकडा जातो, हे त्यानेच कोणाला तरी सांगताना मी ऐकलं. माझ्याशी तो फार बोलत नसे. मीही नाही.

एका वर्षी यांनी एक मोठा बगीचा कापायला घेतला होता. मालकाला बुंधे जमिनीच्या बरोबरीने कापून हवे होते. माती लागून चैन सारखी बोथट व्हायची. चैनच्या प्रत्येक दात्यापुढे एक बुटका उंचवटा असतो. दात्याने लाकूड किती खोल घ्यायचं ते तो ठरवतो. चैन जास्त खावी म्हणून यांनी घरीच कानस घेऊन ते सगळे उंचवटे घासून टाकले. अकोल्याहून आणलेली, आठ दिवसांची चैन होती ती. मला म्हणाले, “फक्त धार लावून आन.”

मिस्त्रीने त्या दिवशी भुसा मागितलाच नाही. चैनवरून अंगठा फिरवला, ती ऐरणीवर ठेवली आणि छिन्नीने तिचे तीन तुकडे केले.

मी ओरडले. सगळे पुरुष वळून बघायला लागले. “हे काय केलं? घरी काय सांगू मी?”

“सांगजो, मिस्त्रीनं तोडली. असी चैन लाकूड धरते अन् मशीन उसळून तोंडावर येते.” त्याने मान वर केली, दाढी बाजूला सारली. हनुवटीपासून गळ्यापर्यंत जाडजूड शिवण होती, गोधडी शिवल्यासारखी. “मायी बी नवीच होती.”

इतकी वर्षं मी त्या तोंडाकडे नीट पाहिलंच नव्हतं.

त्याने खिळ्यावरची स्वतःची जुनी, गोल खांद्याची चैन काढली, धार लावली आणि माझ्या पिशवीत टाकली. घरी यांनी मिस्त्रीच्या नावाने खूप शिव्या दिल्या. पण दुसरी चैन नव्हती. तीच लावून गेले. संध्याकाळी आले. सदऱ्याचा खिसा माझ्यासमोर झटकला. मोठे मोठे छिलके पडले.

मग मिस्त्रीचे ते दोन दातही पडले. मी शेवटची गेले तेव्हा त्याने चिमूट जिभेवर घेतली, बराच वेळ घोळवली. “माती समजत नाई आता, बाई,” म्हणाला आणि माझी चैन तशीच परत दिली. थोड्या दिवसांनी तो बार्शीटाकळीला लेकीकडे गेला. टपरीला कुलूप आहे. तो घाणेरडा डबा अजून तिथेच, पावसाच्या पाण्याने भरलेला.

आता दुसरीकडे मशीनवर धार लावून मिळते. भुसा कोणी मागत नाही.

काल धुवायला घेतलेल्या यांच्या सदऱ्याच्या खिशात छिलके नाही, पिठासारखा भुसा निघाला. न्हाणीचं दार लावलं आणि चिमूट जिभेवर ठेवली. घामाचा वास, पेट्रोल, मग संत्र्याची तुरट चव. दाढ दाबली. कच्च.

शी! तीनदा चूळ भरली तरी ते कण दाढेतून गेले नाहीत. तशीच ओट्यावर आले. हे बसले होते, चैन मांडीवर, कानस दात्यापुढच्या उंचवट्यावर टेकवलेली.

“माती हाय,” मी म्हटलं. “दात्याले धार लावा. पुढचं घासू नका.”

“तुले कोनं सांगतलं?”

मी पदराने ओठ पुसले. त्यांनी कानस उंचवट्यावरून उचलली आणि दात्याला लावली. मी समोर बसून मोजत राहिले. एका दात्याला तीनच वेळा.