निरोप क्रमांक दोन

माझ्या मुलीचा साखरपुडा मी एकाच सकाळी दोनदा रद्द केला. दोन्ही वेळा हेतू चांगला होता.

मुलगी प्रज्ञा पुण्यात संगणकाचे काम करते. दिग्रसच्या आमच्या घरी येताच तिने पाहुण्यांना निरोप धाडण्यासाठी लॅपटॉपवर एक एआय सहायक बसवला. त्याला तीन टूल, म्हणजे कामाची साधने, दिली : निरोप एक, निरोप दोन, निरोप तीन. कोणते कधी वापरायचे, हे तो प्रत्येकासमोरचे वर्णन वाचून ठरवणार होता.

‘निरोप एक’समोर तिने लिहिले होते : ‘फक्त वेळ बदलल्यास वापरावे. नवी वेळ कळवते.’ ‘निरोप दोन’समोर : ‘कार्यक्रम पूर्ण रद्द झाला तरच वापरावे. रद्द झाल्याचा ठरलेला मजकूर सर्वांना जातो. आधी घरच्यांना विचारावे.’

“बाबा, शुद्धलेखन तेवढं पाहून द्या,” ती म्हणाली.

मी तीस वर्षे वर्तमानपत्रात बातम्या कापल्या आहेत. (मंत्र्यांची भाषणे चार ओळींत बसवली आहेत!) शुद्धलेखन निर्दोष होते, म्हणून मी लांबी पाहिली. दोन्ही वर्णनांची जागा एकाच सुटसुटीत वाक्याने घेतली : ‘पाहुण्यांना बदल कळवते.’ तिसरे होते : ‘शेवटचा निरोप जसाच्या तसा पुन्हा पाठवते.’ त्याचे केले : ‘पाहुण्यांना पुन्हा कळवते.’ स्वतःवर खूश होऊन मी दाढी करायला गेलो.

साखरपुडा अकराचा. नऊला फुलवाल्याने उशीर होईल म्हणून कळवले. माझी पत्नी सुनंदा लॅपटॉपला म्हणाली, “बारा वाजताचं सांग बाप्पा सगळ्यायले.”

सहायकासमोर दोन टूल, दोन्हींचे वर्णन तंतोतंत एक! त्याने दुसरे उचलले.

पाच मिनिटांत आर्णीहून व्याह्यांचा फोन. “काहो साहेब, आमी गाडीत बसून राह्यलो अन् तुमी साखरपुडा रद्द करून राह्यले? पोरीनं नाही म्हटलं काय?”

“नाही हो, तांत्रिक चूक आहे! आत्ता दुरुस्त करतो.”

दुरुस्ती मी स्वतःच करायला घेतली. सहायकाला सांगितले, “चूक झाली. पाहुण्यांना पुन्हा कळव.” त्याने आज्ञाधारकपणे ‘निरोप तीन’ वापरले. रद्द झाल्याचा तोच मजकूर सर्वांना पुन्हा गेला.

व्याह्यांचा दुसरा फोन आला. “समजलं ना बाप्पा एकदा! दोन-दोनदा कायले सांगता?” त्यांनी गाडी वळवली होती.

बोरी अरबहून निघालेला मेव्हणा दारव्ह्याहून परतला. शेजारच्या काकू सांत्वनाला आल्या आणि सुनंदाला जवळ घेऊन रडू लागल्या. तेवढ्यात अंगणातला धूर थांबला. आचाऱ्याचा नंबरही पाहुण्यांच्या यादीत होता! त्याने भट्टीवर पाणी ओतले होते.

“अर्धा कच्चा भात आहे,” तो शांतपणे म्हणाला. “कोणाले देऊ?”

अर्धी साडी नेसलेली प्रज्ञा बाहेर आली. तिने वर्णने वाचली, मग माझ्याकडे पाहिले.

“बाबा, हे कोणी कापलं?”

“अर्थ तोच आहे,” मी म्हणालो. “शहाण्याला इशारा पुरतो.”

“त्याले आपलं घर माहीत नाही, बाबा! लिहिलं तेवढंच त्याले समजते. कधी वापरायचं नाही, तेही लिहावं लागते!”

तिने डोळे पुसले. मला पहिल्यांदाच भीती वाटली. मग तिने होणाऱ्या सासऱ्यांना फोन लावला.

“काका, मी प्रज्ञा. माझा होकार आहे. परत फिरा.”

“तू सांगून राह्यली ना? मंग येतो,” पलीकडून आवाज आला. “तुया बाबाले मात्र फोनपासून दूर ठेव.”

तिने सगळी वर्णने पुन्हा सविस्तर लिहिली. बरोबर निरोप गेला, भट्टी पेटली, मेव्हणा चिडून का होईना पण पोचला. साखरपुडा दोनला झाला. काकू डोळे पुसून पंगतीला बसल्या.

संध्याकाळी मी हळूच लॅपटॉप उघडला. यादीत चौथे टूल आले होते : ‘बाबांना विचारणे’. समोर वर्णन : ‘चहा हवा का, एवढ्याचसाठी वापरावे. उत्तर ताबडतोब आणि ठामपणे मिळते. त्यावर विसंबू नये. आधी आईला विचारावे.’

मी ते दोनदा वाचले. वर्णन संपूर्ण होते. सहायकाने त्या दिवसापासून मला काहीही विचारलेले नाही. चहासुद्धा!