सुनंदाबाईंचे दात आणि माझं इंग्रजी

“हमिंग आहे की चॅटरिंग?” नागपूरहून मशीनच्या कंपनीचे सर फोनवर विचारत होते आणि मी विजेच्या पॅनेलसमोर डोकं खाजवत उभा होतो.

सौंसरजवळच्या संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये मी इलेक्ट्रिशियन आहे. संत्री धुऊन साइझप्रमाणे वेगळी करणारी लाइन सकाळीच बंद पडली होती; बटण दाबलं की पॅनेलमधून नुसता आवाज यायचा. बाहेर ट्रक उभा, आत क्रेटचे ढीग. याआधी दोनदा मी चुकीची तक्रार लिहून चुकीचा पार्ट मागवला होता. शेठ बोलून गेले होते, “वानखेडे, या खेपेले चुकले तं उद्यापासून मी दुसरा माणूस पाहीन.”

खरं सांगतो, सात वर्षं मी प्रत्येक तक्रारीत ‘हमिंग साउंड’ एवढंच लिहीत आलो. रुबाबदार वाटायचं. हमिंग म्हणजे ओठ मिटून गुणगुणल्यासारखा आवाज. मोटरीला करंट मिळतो पण ती फिरत नाही, तेव्हा येतो. चॅटरिंग म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती.

फोन पॅनेलजवळ धरला. सरांना नुसती खरखर. “तोंडाने करून दाखवा,” ते म्हणाले.

मी ‘ऊंऽऽ’ केलं. “तसा नाही ना जी!” म्हणत ट्रकच्या ड्रायव्हरने ‘टर्रर्र’ केलं. वजनकाट्यावरच्या माणसाने ‘घर्रर्र’. मग ज्याला त्याला चेव आला. संत्री निवडणाऱ्या बाया पदर तोंडात कोंबून हसू लागल्या. शेठ ओरडायला आले आणि स्वतःच ‘खडखडखड’ करून बसले. माझी नोकरी टांगणीला लागलेली, आणि मलाच हसू आवरेना.

तेवढ्यात बायांमधल्या सुनंदाबाई पुढे आल्या. रामाकोन्याहून रोज सकाळच्या गारठ्यात ऑटोने येतात त्या. “काय करून राहिले बावा तुम्ही सारे? थंडीत दात वाजते ना, तसं वाजून राहिलं ते. अस्सं!” आणि त्यांनी फोनजवळ दात वाजवले. कडकडकड.

“चॅटरिंग!” सर पलीकडे ओरडले. “इंग्रजीत थंडीने दात वाजतात त्यालाही हाच शब्द. मोटर ठीक आहे. कॉन्टॅक्टर पाहा.”

कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरीचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच. त्याला ओढून धरणाऱ्या कॉइलला नीट करंट मिळाला नाही, की तो धड चिकटत नाही, धड सुटत नाही. नुसता दात वाजवतो. मी मेन बंद करून झाकण काढलं. कॉइलची एक तार ढिली होती. पेचकसाचे दोन फेरे, आणि लाइन सुरू! शेडमध्ये शिट्ट्या वाजल्या. आनंदाच्या भरात मी ड्रायव्हरलाच मिठी मारली. आणि मी तर नवी मोटर मागवायला निघालो होतो!

“वानखेडे,” शेठ म्हणाले, “सात वर्षं काय ऐकून राहिले होते तुम्ही?”

नोकरी मात्र राहिली. आता तक्रारवहीत ‘आवाज’ लिहायच्या आधी मी दोन मिनिटं कान देतो, आणि अडलं तर सुनंदाबाईंना हाक मारतो. आवाजाला इंग्रजी नाव देण्याआधी तो ऐकावा लागतो, एवढं शिकायला मला सात वर्षं लागली.