तिघींच्या फोटोतली मधली

संदीपचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, फोन आला तेव्हा मी द्वारका चौकातल्या आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसचं शटर वर करत होतो. ‘मामा, आई...’ एवढंच तो बोलला आणि मागून बायकांचा आवाज आला. मी शटर अर्धं तसंच ठेवून पायरीवर बसलो. मग पुन्हा फोन लावून सगळं नीट विचारून घेतलं. कशी गेली, कुठे, डॉक्टर काय म्हणाले... हिशोब बघणाऱ्या माणसाला अर्धवट कळलेलं सहन होत नाही. नोव्हेंबर चालू होता, बागेत मजूर बाया आल्या होत्या. त्यांना काम सांगायला माझी मोठी बहीण सुमनताई ओट्यावरून उतरली आणि मधल्या पायरीवर बसली. बसली ती उठलीच नाही. दिंडोरीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दहाव्याला ठेवायला फोटो हवा होता. ताईचा एकटीचा धड फोटो घरात नव्हता. गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत मी काढलेला तिघींचा फोटो सगळ्यात चांगला होता, म्हणून संदीपने फोटोवाल्याकडून त्यातली ताई कापून घेतली. कापली खरी, पण तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक हात होता, तो कुठे जाणार? उजव्या खांद्यावर जाड अंगठी घातलेलं बोट दिसत होतं आणि डाव्या खांद्यावर फिकट मेंदीची चार बोटं. मंडपात कोणीतरी विचारलं, ‘ह्यो हात कोनाचा?’ ताईची थोरली नणंद, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, डोळे पुसत म्हणाली, ‘सुनंचा. तिघींचा फोटो काढला व्हता. म्या तवाच नको म्हनले व्हते.’

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिघांचा फोटो काढू नये, काढला तर मधलं माणूस जातं, असं आमच्याकडे बऱ्याच घरांत मानतात. फोटोला तिघं उभे राहिले की कोणीतरी धावत येऊन चौथं होतं, नाहीतर एखाद्याच्या कडेवर मूल देतात. लहानपणी मीही असा कितीतरी फोटोंत चौथा म्हणून घुसलेलो आहे. दहाव्याला आक्का जे एकदा बोलली, ते तेराव्यापर्यंत पंगतीत फिरत होतं. नवी सून, घरात येऊन वर्ष नाही झालं, हिनेच हट्ट केला असेल, आजकालच्या पोरींना फोटोचं वेड... उजव्या खांद्यावरचा हात माझ्या बायकोचा, मंगलचा होता. तिला मात्र कोणी चकार शब्द बोललं नाही. जुन्या भावजयीचा हात चालतो, नव्या सुनेचा तेवढा बाधतो. हे गणित मला मान्य नाही. म्हणून ताईची आठवण लिहायला बसलो, ती याच फोटोपासून सुरू करतो. फोटो मी काढला आहे. तिथे काय झालं ते मला माहीत आहे.

द्राक्षबागायतदाराला डिसेंबरात घर सोडता येत नाही. घडांची विरळणी चालू असते, पारा उतरला तर बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्यामुळे मुलांना नाताळची सुट्टी लागली की आम्ही सगळे ताईकडे जायचो. आणि तिथे तिचा एक कायदा होता, आधी फोटो, मग चहा. डिसेंबरातली दिंडोरीची सकाळ ज्याने अनुभवली आहे त्याला या कायद्याचा जुलूम कळेल. माणसं कानटोप्या काढून, दात वाजवत ओट्यासमोर उभी राहायची आणि स्वयंपाकघरातल्या आल्याच्या वासाकडे बघत ताईला शिव्या द्यायची. ताई कोणाला भीक घालायची नाही. मजुरीला आलेल्या बायांनाही ती फोटोत बोलवायची. ‘घरात आज जे हाय ते सगळं फोटोत यायला पाहिजे,’ म्हणायची.

हा कायदा कुठून आला, ते तिने एकदाच सांगितलं. लग्नानंतर तिची त्या घरातली पहिलीच थंडी होती. दाजींच्या चुलतभावाने मुंबईहून कॅमेरा आणला होता. सगळं घर ओट्यावर बसलं, फोटो निघाला. तो फोटो अजून आहे. त्यात सासू, सासरे, दीर, नणंदा, शेजारचा एक मुलगासुद्धा आहे आणि प्रत्येकाच्या हातात चहाचा कप आहे. ताई नाही. ती आत चहाचं दुसरं आधण ठेवत होती. तिला हाक मारायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. मी विचारलं, ‘वाईट वाटलं असेल ना गं?’ तर म्हणाली, ‘वाईट कशाचं? मी आहे की त्यात. सगळ्यांच्या हातात आहे.’ हसत म्हणाली, पण पुढच्या वर्षी तिने फोटो झाल्याशिवाय चूल पेटवली नाही. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. चूल तरीही फोटोनंतरच पेटली.

गेल्या डिसेंबरात संदीपच्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. मोठा फोटो झाला, चहा सुटला, माणसं उन्हाला पांगली. त्याची बायको स्नेहल कपांचा ट्रे घेऊन आत निघाली तेवढ्यात ताईने तिला थांबवलं. ट्रे संदीपच्या हातात दिला. ‘मंगल, तू इकडे ये. स्नेहल, तू मधे. बाळू, आमचा काढ एक.’ बाळू म्हणजे मी, वय वर्षं चोपन्न. मी एक काढला. आक्का ओट्यावरून ओरडली, ‘सुमन, तिघींचा नको गं बाई! एखादं पोर तरी घ्या कडंवर.’

ताई म्हणाली, ‘पोरं सगळी वाढली, आक्का. आता कोणाला घेऊ, या बाळूला?’ माझं वजन ब्याऐंशी किलो. सगळे हसले. आक्का हसली नाही.

‘हसू नका. मधली जाती. आमच्या विमलचं काय झालं?’

विमल ही आक्काची धाकटी बहीण. जत्रेत तिघी बहिणींनी फोटो काढला होता, विमल मधे होती आणि पुढच्या पावसाळ्यात ती गेली. हे त्या घरात कोणी सहसा बोलत नाही. स्नेहलचा चेहरा उतरला, ती बाजूला व्हायला लागली. ताईने तिचं मनगट धरलं. मग शांतपणे तिला डावीकडे सरकवलं आणि स्वतः मधे आली. ‘विमलचं लय वाईट झालं, आक्का. पण ती तापानं गेली, फोटोनं नाय. आता मी मधे आहे. काढ रे.’

‘ताई, राहू दे ना आता...’

‘तू तुझा हिशोब द्वारकेला ठेव. काढ!’

मी काढला. हट्ट स्नेहलचा नव्हता, ताईचा होता.

आता ताईबद्दल एक खरी गोष्ट सांगायला हवी. तिला रक्तदाबाचा त्रास होता. गोळी रोज घ्यायची असते, ती ताई डोकं जड झालं तरच घ्यायची. ती गेल्यावर तिच्या उशाशी गोळ्यांची पाकिटं मी पाहिली, निम्म्याहून जास्त गोळ्या तशाच होत्या. ज्या हट्टाचं मी इथे कौतुक करतो आहे त्याच हट्टाने ती गेली, हे मला मान्य आहे. ताईवर मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. पण राग धरायचा तर त्या गोळ्यांवरून धरा. खांद्यावरच्या मेंदीच्या बोटांवर धरू नका.

तेराव्यानंतर स्नेहलने मंगलला सांगितलं, ‘मामी, ती माझी जागा होती. आईंनी घेतली.’ पोरगी जेवत नव्हती. मला आठवलं की त्या दिवशी मी दोन फोटो काढले होते आणि पहिल्यात मधे स्नेहल होती. मंगल म्हणाली, ‘दाखवू नका. तिला वाटेल आता आपला नंबर.’ मी दोन दिवस विचार केला आणि रविवारी दिंडोरीला गेलो. स्नेहल भाकरी थापत होती. मी मोबाइल तिच्यापुढे धरला. ‘हा बघ, आधीचा. यात मधे तू आहेस. नियम खरा असता तर आधी तुझं काहीतरी व्हायला हवं होतं. तू माझ्यासमोर भाकरी करते आहेस.’ माझ्या मते हिशोब चोख होता.

तिने पिठाचा हात लांब धरून बराच वेळ फोटो पाहिला. म्हणाली, ‘मामा, यात माझे डोळे मिटलेत.’

‘मग?’

‘मग हा धरत नसतील.’

भीतीला पुरावा दाखवला की ती पुराव्यातच भोक शोधते, हे मला त्या दिवशी कळलं. दाजी दारात बसले होते. ताईसमोर आयुष्यभर ते दहा वाक्यं बोलले नसतील. ते तिथूनच म्हणाले, ‘पोरी, तिनं तुझी जागा घेतली नाय. तिथं काय नसतं, हे दाखवायला गेली ती. तिला खरं वाटलं असतं, तर तुला तिथं आधी उभी केली असती का?’ आणि थोड्या वेळाने, ‘तू भ्यालीस तर ती उगाच उभी राहिली म्हनायची.’

तव्यावरची भाकरी करपत आली होती, स्नेहलने ती उलटली.

यंदा फोटो नको, वर्ष दुःखाचं आहे, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. दाजींनी ऐकलं नाही. सुट्टीतल्या एका सकाळी आम्ही सगळे ओट्यासमोर उभे राहिलो. कडाक्याची थंडी होती, कोणी कोणाला शिव्या देत नव्हतं... आक्का मात्र उतरली नाही. शाल पांघरून एकटीच वर बसून राहिली. फोटो झाल्यावर स्नेहल ओट्यावर गेली आणि तिच्या शेजारी टेकली. मग तिने मंगलला हाक मारली, ‘मामी, या, इथे माझ्या या बाजूला बसा.’

आक्का दचकली. ‘अगं, तिघी झालो.’

‘मोजलं मी, आत्या.’

‘मग ऊठ की.’

‘मी नाही उठणार. तुम्हाला उठायचं असेल तर उठा. पण मामा फोटो काढणार, आणि मधे मीच असणार.’

आक्काने माझ्याकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं, मग बराच वेळ स्नेहलकडे पाहत राहिली. मला वाटतं तिला विमल दिसत असावी. तिने ओट्याच्या कडेवर हात टेकला, आता उठणार असं वाटलं. पण त्याच हाताने तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि शालीचं एक टोक स्नेहलच्या गुडघ्यावर टाकलं.

‘काढ बाबा लवकर,’ ती म्हणाली, ‘पोरीला थंडी वाजून राह्यली.’