परमेश्वरची पेटी

शिरूर कासारच्या बाजारपेठेत सुकन्याच्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढणारा माणूस हमखास दचकतो. त्याला हवा असतो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बाप्या. समोर बसलेली असते डोक्यावर पदर घेतलेली, एका हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि दातांत खोडरबर धरलेली बाई. "मालक कुठायत?" असं तो विचारतो. "मीच हाय, काय झालंय मशिनीला?" असं ती म्हणते. तरी तो गडी तिच्या खांद्यावरून आत डोकावतो. फळीवरच्या जुन्या मॉनिटरांच्या मागं एखादा पुरुष लपवून ठेवला असेल, असं त्याला वाटत असावं.

दुसरा धक्का खोडरबराचा. मशीन सुरू होत नाही, नुसतं 'पीं पीं' करतं, म्हणून माणूस एवढंसं तोंड करून आलेला असतो. सुकन्या मशीन उघडते, रॅमची पट्टी काढते, पट्टीचे पिवळे दात खोडरबराने खसाखसा घासते, पट्टी परत बसवते, आणि मशीन चालू. शिरूरची धूळच तशी आहे, ती देवालाही सोडत नाही, रॅमला काय सोडणार! पण गिऱ्हाइकाला हे काही आवडत नाही. एवढं मोठं दुखणं पोराच्या खोडरबराने जातं म्हणजे आपली फसवणूकच झाली, असा चेहरा करून ते पायऱ्या उतरतं.

हे सगळं सुकन्याला शिकवलं तिच्या नवऱ्यानं, परमेश्वरनं. शिकवलं म्हणणंही जास्तच होईल, कारण तो कधी 'ये, बस, शिक' असं म्हणाला नाही. ती त्याच्या पाठीमागं उभी राहून बघायची आणि तो तिला उठवायचा नाही. तिचं माहेर मेंढरं राखणारं, वर्षातले कैक महिने रानोमाळ. मावशीकडं राहून ती कशीबशी दहावी झाली. सासरही मेंढरांचंच. लग्नानंतर पहिल्याच सकाळी ती चूल पेटवायला गेली तर चुलीच्या उबेला एक हिरवी पाटी टेकवून ठेवलेली, तिच्यावर चांदीच्या रेघा, बारीक बारीक बुरुज. तिला वाटलं, देव्हाऱ्यातलं काहीतरी आहे. तिनं हात जोडले. मागनं नवरा म्हणाला, "मदरबोर्ड हाय तो. भिजलाय. जरा लांब भाकरी कर." तिनं जोडलेले हात तसेच परातीत घातले.

परमेश्वर गावात लिनक्सवाला म्हणून माहीत होता. जुन्या मशिनींना नवीन सिस्टीम झेपत नाही, आणि चोरीची टाकली की व्हायरस घर करतात, म्हणून तो येईल त्याच्या मशिनीत लिनक्स ही हलकी, फुकटची सिस्टीम घालायचा. लोक दुसऱ्या दिवशी धावत यायचे, तोंडचं पाणी पळालेलं. "परमेश्वरा, काय घातलंस बे यात! माझं समदं गेलं!" गेलेलं काही नसायचं, बटणांच्या जागा तेवढ्या बदललेल्या असायच्या. परमेश्वर शांतपणे कारण विचारायचा, "कावून गेलं?"

"मला काय म्हाईत, कावून गेलं!"

"मग मशिनीला इचारा. ती सांगती."

आणि खरंच, काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत मशीन आपलं दुखणं लिहून सांगायची. परमेश्वर ते सावकाश वाचायचा. वाचायच्या आधी कशालाही हात लावायचा नाही. त्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाईप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ना अक्षर ना ठिपका. पहिल्यांदा सुकन्याने टाईप केला तेव्हा तिला वाटलं, कीबोर्ड मेला. ती घाबरून मागं सरली. परमेश्वर हसला. "दिसत न्हाई, पण जातंय आत. टाक तू." तिनं टाकला आणि खिडकी उघडली. त्या दिवशी तिला मशिनीचा नाद लागला, तो लागलाच.

सासरे धुळाजी, म्हणजे घरातले आबा, पंचक्रोशीत ओव्यांसाठी नावाजलेले. ढोलावर थाप पडली की रात्र सरेपर्यंत बिरोबाचं आख्यान गायचे, कागदाशिवाय. परमेश्वरनं एका पावसाळ्यात घरीच बसून त्यांच्या साऱ्या ओव्या आपल्या कॉम्प्युटरवर भरून घेतल्या. त्यानंतर आबांचा गळा बसला तो उठलाच नाही. आता बोलतात ते घोगरं, शेजारच्यालाही ऐकू जात नाही. ओव्या उरल्या त्या फक्त त्या मशिनीत. आबा तिला 'पेटी' म्हणतात.

आणि पेटीला कुलूप.

परमेश्वरला छातीत दुखायला लागलं आणि बीडच्या दवाखान्यात नेलं तेव्हा आबांनी घरी अन्न सोडलं. सुकन्याला वाटलं, त्यांच्याच ओव्या त्यांना ऐकवाव्यात, तेवढाच धीर. पण पेटी सुरू होताना पहिल्याच पडद्यावर पासवर्ड मागायची आणि तो परमेश्वरनं कधी सांगितला नव्हता. आत्तापर्यंत विचारायची वेळही आली नव्हती. ऑपरेशनला न्यायला माणसं आली, स्ट्रेचरची चाकं सोडवायला लागली, तेव्हा ती वाकली आणि म्हणाली, "अहो, पेटीचा पासवर्ड काय हाय?"

परमेश्वरच्या तोंडावर मास्क होता. आतून दबका आवाज आला, "कावून."

सुकन्या चरकली. "कावून म्हंजे? आबास्नी ऐकवायचंय. सांगा की."

"कावून कावून," तो परत म्हणाला.

घरदार, दुकान, पोरगी, सगळं जिच्या हवाली केलं, तिला हा माणूस मरणाच्या दारात विचारतो, कावून? तिला इतका राग आला, इतका राग आला की ती म्हणाली, "नका सांगू. ठिवा तुमच्यापाशीच." आणि तिनं तोंड फिरवलं. त्यानं हात वर केला होता, हे तिला कडेनं दिसलं. स्ट्रेचर आत गेलं आणि परमेश्वर काही परत बाहेर आला नाही.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? लोकांच्या नवऱ्यांचे शेवटचे शब्द देवाचं नाव असतात, पोरांची नावं असतात. हिच्या वाट्याला संशय आला. पदर खोचून ती दुकानात बसायला लागली, लोकांची कुलपं काढायला लागली. साधा पासवर्ड विसरला तर लिनक्समध्ये तो मागच्या वाटेनं बदलता येतो, ते तिला येत होतं. पण परमेश्वरनं पेटीची अख्खी हार्ड डिस्कच कुलूपबंद केली होती. दाराचं कुलूप तोडून घरात शिरता येतं, पण घरातली प्रत्येक वस्तूच गाठोड्यात आवळून बांधली असेल तर शिरून काय उपयोग? बीडच्या जाणकारानं हात टेकले. "पुसून टाका, ताई, नवीन घाला," तो म्हणाला. तिनं पेटी उचलली आणि परत दुकानात आणली. पोरीचं नाव टाकून बघितलं, आबांचं टाकलं, बिरोबा टाकला, मेंढरांच्या कळपातल्या लाडक्या कुत्र्याचं टाकलं. स्वतःचं नाव मात्र तिनं सगळ्यात शेवटी टाकलं, आणि ते चाललं नाही तेव्हा पेटीवर कापड घालून ती वरच्या फळीवर ठेवून दिली. आबा अधूनमधून घोगऱ्या आवाजात विचारतात, "उघडली का गं पेटी?" ती म्हणते, "बघू." एवढंच बोलणं होतं.

परवा उन्हाच्या कडाक्यात छबुबाई आल्या. छबुबाईंची पिठाची गिरणी आहे आणि महिलांच्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष आहेत, त्यामुळे गिरणीवर ओरडून बोलायची सवय त्या सगळीकडं घेऊन फिरतात. काखेत गटाचा लॅपटॉप. त्यावरही परमेश्वरनंच लिनक्स घालून दिलेलं.

"वायफाय मेलं बघ याचं," पंख्याखाली बसत छबुबाई म्हणाल्या. "काल म्हणं अपडेट झालं. मी न्हाई केलं, त्यानंच केलं."

सुकन्यानं काळी खिडकी उघडली आणि मशीन काय म्हणते ते वाचलं. अपडेटमध्ये वायफाय चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, गळाला होता. मोबाइलची वायर जोडून परत घालावा लागणार होता. साधं काम. मशिनीनं पासवर्ड मागितला.

"पासवर्ड काय हाय, मावशी?"

"सांगत न्हाई."

सुकन्यानं मान वर केली. "अहो, त्याबिगर पुढं जात न्हाई हे."

"आगं, सांगत न्हाई!"

"बरं, मग तुमी टाका. मी तिकडं बघते."

"मला कुठं टायपिंग येतंय? टाक की तू. सांगत न्हाई!"

सुकन्याचं डोकं फिरलं. उन्हाचा ताव, त्यात पंखा कुरकुरतोय, त्यात ही बाई. परत तेच, परत तेच! जगातली सगळी माणसं तिला पासवर्ड सांगायचं सोडून वाकड्यात शिरायला जन्मली होती काय? तिनं लॅपटॉप बंद करून पुढं सरकवला. "घिऊन जा मग, मावशी. माझ्यावर इस्वास नसंल तर बीडला न्या."

छबुबाई आ वासून बघत राहिल्या. मग पोट धरून हसायला लागल्या. "आगं येडे! पासवर्डच तो हाय! 'सांगत न्हाई' हाच पासवर्ड! एस, ए, एन, जी... तुझ्या नवऱ्यानंच ठिवून दिला. म्हणला, मावशी, पासवर्ड असा ठिवायचा की कुणी इचारलं तर खरं सांगूनबी त्याला कळू नये. आमच्या गटात दोनदा भांडणं झाली त्यापायी! मी सेक्रेटरीला म्हणले, परमेश्वराचा सोताचा काय असंल कुणास ठाऊक..."

पुढचं सुकन्याला ऐकू आलं नाही. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडून घरंगळत पायरीपर्यंत गेला, ते तिनं नुसतं बघितलं.

पेटीचा पासवर्ड काय हाय?

कावून.

ती स्टुलावर चढली. कापडासकट पेटी खाली घेतली. छबुबाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं. तिनं मॉनिटर-कीबोर्डच्या वायरी लावल्या, बटण दाबलं. पेटी नुसती 'पीं पीं' करायला लागली. इतके दिवस पडून राहिली होती, धूळ बसणारच. ज्या कामात तिचा हात डोळे मिटून चालायचा, त्यात आज सगळंच चुकत होतं. पट्टी निघेना. निघाली तर खोडरबर सापडेना, तो दातांतच होता. घासून पट्टी बसवायला गेली ती उलटी. फिरवली, मग बसली. पडदा उजळला आणि पासवर्डची चौकट आली.

तिनं टाईप केलं: के, ए, व्ही, यू, एन.

चूक.

म्हणजे तो खरंच विचारत होता. क्षणभर वाटलं, उगाच उघडली ही जखम, झाकलेली होती तीच बरी होती. मग तिला परमेश्वरची सवय आठवली: हात लावायच्या आधी वाच. हे कुलूप घालताना मशीन काय सांगते? आठ अक्षरांपेक्षा कमी पासवर्ड घेणार नाही म्हणून सांगते. लोकांच्या मशिनी बसवताना तिनं स्वतः ते कितीदा वाचलं होतं. 'कावून' इंग्रजीत पाचच अक्षरांचा.

आणि तो दुसऱ्यांदा काय म्हणाला होता? मास्कच्या आतून, धाप लागलेली असताना, एका दमात?

कावून कावून.

तिनं शब्द दोनदा लिहिला, मध्ये जागा न सोडता, आणि एंटर दाबलं. पडदा काळा झाला. काळाच राहिला. मग मधोमध एक बारीक चक्र फिरायला लागलं.

पेटी उघडली.

सुकन्याच्या तोंडून आवाज फुटला, तो रडण्याचा की कशाचा हे तिलाही कळलं नाही. त्यानं सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. तिला दमवायला नव्हे, शंका घ्यायला नव्हे. श्वास पुरत नव्हता तरी बायकोनं विचारलेलं त्यानं तिथल्या तिथं सांगून टाकलं होतं. आणि तिनं तोंड फिरवलं होतं. तो वर केलेला हात कशासाठी होता ते आता तिला कळलं. तो तिला थांबवत होता, अगं, तोच तर शब्द आहे!

छबुबाई उठून जवळ आल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. त्यांनी सुकन्याच्या पाठीवर हात ठेवला. "काय झालं गं पोरी? कावून रडतीस?"

सुकन्या रडता रडता हसली. "व्हय मावशी," ती म्हणाली, "तोच हाय."

छबुबाईंना काहीएक कळलं नाही. त्या बिचाऱ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पडद्यावर 'आबा' नावाचा फोल्डर होता. सुकन्यानं डोळे पुसले आणि पहिलीच फाईल उघडली. आधी नुसती खरखर आली. ढोल सरकवल्याचा आवाज. आबांचं खाकरणं, तेव्हाचं, भरदार गळ्याचं. आणि मग अगदी जवळून, कानाशी तोंड नेल्यासारखा परमेश्वरचा आवाज आला, तेव्हा छबुबाईंनी दचकून तोंडाला पदर लावला.

"सुकन्या, पंखा बंद कर गं. मधी आवाज येतोय."

सुकन्या उठली आणि तिनं दुकानातला पंखा बंद केला.