अकरावं गाव

सुनंदाअक्का गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं, आणि तेही धुळ्याच्या बसस्टँडवर. पाटबंधारे खात्यातले त्यांचे एक जुने सहकारी यावलच्या गाडीची वाट पाहत उभे होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज म्हणाले, की जळगावला अक्कांच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही दिसला नाहीत. मी शाळेच्या परीक्षांत अडकलो असेन, असं त्यांना वाटलं होतं. मला कोणी कळवलंच नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही… कळवावं असा मी त्या घराचा उरलोही नव्हतो.

अक्का खात्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअरनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचा, हे त्यांचं काम. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला धरणात जाणाऱ्या अकरा गावांचे नकाशे त्यांच्या हातून उतरले. त्यातलं एक त्यांचं माहेर. नकाशात देऊळ होतं, चावडी होती, पाटलाची विहीर होती. गावाबाहेरची बौद्धवस्ती, जिथे त्या जन्मल्या, तिथे कोरा कागद होता. त्यांनी साहेबांना विचारलं, तर मूळ प्रतीत आहे तेवढंच उतरवा, असं उत्तर मिळालं. त्यांनी तेवढंच उतरवलं. पुढे गावं उठली, पाणी चढलं.

या अकरा गावांचं एक पुस्तक करायचं, असं आम्ही चौघांनी धुळ्याच्या वाचनालयात बसून ठरवलं. मी शाळेत मराठी शिकवायचो, दोघे नोकरदार मित्र आणि अक्का. वर्षभर आम्ही उत्साहानं हिंडलो. हाती आल्या त्या वह्याच वह्या. कुठल्या गावाचं काय झालं, काय राहिलं, कोणालाच सांगता येईना. मग एका रविवारी अक्कांनी ऑफिसात धरणाच्या कामाला वापरतात तसा बार चार्ट करून आणला. डावीकडे गावांची नावं, वर महिने. प्रत्येक गावाची तीन कामं: माणसांकडून ऐकणं, नकाशाशी पडताळणं, लिहून काढणं. ठरलेल्या कामाची रेघ काळ्या शाईत, झालेल्याची तांबड्या पेन्सिलीनं. प्रत्येक घरासाठी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर त्या घराची ऐकलेली माहिती. मला हसू आलं. लिहिणं म्हणजे काय कालव्याचं काम आहे, असं मी म्हणालो. त्या रागावल्या नाहीत. ज्या कामावर पुढची सगळी कामं अडून असतात ते आधी उरकायचं, एवढंच ऑफिसात शिकल्याचं त्यांनी सांगितलं. म्हणून आधी म्हातारी माणसं; विहिरी आणि रस्ते नकाशावरून मागाहूनही मोजता येतील.

त्यांचं खरं होतं. पहिल्याच गावचे आबा, ऐंशीच्या पुढचे, नव्या वसाहतीतल्या पत्र्याच्या खोलीत बसून आम्हाला घरामागून घर सांगत गेले. शेवटी म्हणाले, "बठ्ठं गाव पानीमा गयं, पन मन्हा दारना निंब माले आज बी दिखस." दोन महिन्यांत आबा वारले. चार्ट नसता तर आम्ही त्यांच्याकडे पुढच्या वर्षी गेलो असतो.

अक्कांनी स्वतःचं गाव सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. ते त्यांच्या डोक्यात होतं, त्याला कोणाची वाट पाहायची नव्हती. दर रविवारी त्या एकच विचारायच्या, किती झालं. का झालं नाही, हे कधीच विचारलं नाही. माझ्या वाट्याला दोन गावं होती. कधी पेपर तपासणं, कधी बदलीची भीती, कधी नुसता आळस… माझी काळी रेघ पुढच्या महिन्यांत सरकायची आणि तिच्यामागे त्यांच्या गावाची. अशी ती सहा वर्षं सरकली. दरम्यान त्यांची जळगावला बदली झाली, तरी दर रविवारी त्या एसटीनं यायच्या. शेवटी माझ्या एका गावाचे पुठ्ठे त्या घेऊन गेल्या आणि महिनाभरात लिहून आणलं. ते प्रकरण माझ्या नावावर छापलेलं आहे. आजवर त्याबद्दल मला जी शाबासकी मिळाली, ती मी घेतली.

छपाईसाठी एक प्राध्यापक संपादक मिळाले. चार्ट पाहून त्यांनी फार कौतुक केलं आणि दुसऱ्याच बैठकीत सांगितलं, की प्रकाशनाला मोठे पाहुणे यायचे आहेत, त्यांची तारीख मिळाली आहे. अक्कांनी दोन महिने मागितले. प्राध्यापक म्हणाले, दहा गावं झाली आहेत, अकराव्यावाचून काय अडतं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. बाकी दोघे आले नव्हते; त्या बैठकीत त्यांच्या बाजूनं बोलू शकणारा मी एकटाच होतो. मी म्हणालो, "अक्का, पुढच्या आवृत्तीत घेऊ."

"बरं, भाऊ," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढची आवृत्ती निघाली नाही. पुस्तकावर संपादक म्हणून प्राध्यापकांचं नाव आहे, आत लेखक म्हणून आमची तिघांची. अक्का शेवटच्या पानावर आहेत, 'नकाशे व तक्ते' या शब्दांपुढे. प्रकाशनाला त्या आल्या, तिसऱ्या रांगेत बसल्या, चहा न घेता जळगावची गाडी धरून गेल्या. नंतर मी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही, आणि तिसरं पाठवायचं धाडस माझ्याच्यानं झालं नाही.

बसस्टँडवर कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जळगावला गेलो. मुलगी रत्ना घरी होती. अक्कांची खोली तिनं उघडून दिली. भिंतीला लागून ड्रॉइंगचा उतरता बोर्ड, त्यावर कागद ताणून लावलेला. त्यावर वस्ती होती. एकोणीस घरं, प्रत्येकात नाव लिहिलेलं, पाणवठ्याची वेगळी वाट, समाजमंदिराचा ओटा. बरीचशी शाईत. खालच्या बाजूची काही घरं पेन्सिलीतच राहिली होती. मजकूर मात्र कुठे नव्हता. आईनं लिहिलं नाही, मला सांगितलं, असं रत्ना म्हणाली… दुखणं वाढल्यावर रोज दुपारी, एकेक घर.

मी तिला म्हणालो, की तू सांग, मी लिहून काढतो. या खेपेला उशीर होणार नाही. 

"नको काका," ती म्हणाली. "आईनं तुमची सहा वर्षं वाट पाहिली. मी नाही पाहणार."

मग तिनं स्टूल ओढलं, दिवा बोर्डावर वळवला आणि शाईचा पेन उचलून पेन्सिलीतल्या पहिल्या घरावर टेकवला. मी उठलो तेव्हा तिनं मान वर केली नाही.